मे महिन्याचं ऊन आणि टिपाडातलं बी-२०: मिश्रण टिकेल का, हे आधी कसं ओळखायचं

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी गटाकडे काही ट्रॅक्टर, एक जेसीबी आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं आहेत. गटाने मार्चमध्ये बायोडिझेल घेतलं, पंपावरच्या डिझेलमध्ये २० टक्के मिसळलं (हेच बी-२०) आणि टिपाडं पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. जूनमध्ये पेरणीला ट्रॅक्टर काढले, तर दोन-दोन दिवसांत फिल्टर चोक. विकणाऱ्याच्या रिपोर्टवर ‘ऑक्सिडेशन स्टॅबिलिटी (म्हणजे हवेने खवट न होता टिकण्याची क्षमता) ८ तासांपेक्षा जास्त’ असं लिहिलेलं आहे. मग बिघडलं कुठे, आणि पुढच्या वेळी आधीच कसं तपासायचं?

रिपोर्ट बहुधा खराच असेल. पण तो ज्या दिवशी नमुना काढला त्या दिवसापुरता आणि शुद्ध बायोडिझेलपुरता (म्हणजे बी-१०० पुरता) खरा आहे. तुमच्या टिपाडातल्या मिश्रणाबद्दल, आणि तेही तीन महिन्यांनंतरच्या, तो काहीच सांगत नाही.

आधी ते ८ तास म्हणजे काय ते पाहू. ही रॅन्सिमॅट नावाच्या यंत्रावरची चाचणी. ३ ग्रॅम बायोडिझेल ११० अंश सेल्सियसवर ठेवून त्यातून ताशी १० लिटर हवा सोडतात. तेल खवट झालं की त्यातून हलकी आम्लं वाफेबरोबर निघतात, ती शेजारच्या शुद्ध पाण्यात विरघळतात आणि पाण्याची विद्युतवाहकता एकदम चढते. चढायला जितके तास लागले तो ‘इंडक्शन पीरियड’. आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे बी-१०० ला किमान ८ तास लागतात, अमेरिकेच्या मानकात ३ तासही चालतात. मिश्रणासाठी चाचणी थोडी वेगळी असते: नमुना साडेसात ग्रॅम आणि नळी लांब, कारण डिझेलचा हलका भाग उडून जातो. अमेरिकेत बी-६ ते बी-२० या मिश्रणाला किमान ६ तासांची अट आहे. लॅबला नमुना देताना ‘बी-१०० ची पद्धत नको, मिश्रणाची हवी’ हे लिहूनच द्या, नाहीतर आकडा येतो पण त्याला अर्थ नसतो.

आता आपल्याकडची गोष्ट. इंधन साठवणीत किती टिकतं हे पाहण्याची जी नावाजलेली चाचणी आहे, तिच्यात ४०० मिली नमुना काचेच्या बाटलीत ४३ अंशांवर २४ आठवड्यांपर्यंत ठेवतात. ४३ का? तर ते ‘वेग वाढवलेलं’ तापमान. या तापमानातला एक आठवडा म्हणजे २१ अंशांवरचा साधारण एक महिना, असा हिशेब धरतात. ढोबळ नियम असा की दर १० अंशांनी खवट होण्याचा वेग दुप्पट होतो. २१ वरून ४३ म्हणजे २२ अंश, म्हणजे सुमारे साडेचार पट, आणि तो एका महिन्याला एक आठवडा या हिशेबाशी जुळतो. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात दुपारी ४३ च्या वर पारा जाणं ही काही बातमी नाही. प्रयोगशाळेत मुद्दाम तापवून जे करतात ते आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये फुकट होतं.

दिवस-रात्रीची सरासरी धरली तर सावलीतलं टिपाड ३५ अंशांच्या आसपास राहतं, म्हणजे थंड प्रदेशाच्या मानाने अडीच पट वेग. ‘सहा महिने टिकतं’ असं कुठे वाचलं असेल तर सावलीत ते सव्वादोन-अडीच महिने समजा. पत्र्याखाली किंवा उन्हात याहून कमी. मार्च ते जून हा तुमचा काळ नेमका त्या रेषेच्या पलीकडे गेला.

दुसरी गोष्ट, तेल कशाचं होतं? ऑक्सिजन तेलाच्या रेणूला जिथे धरतो ती जागा दोन दुहेरी बंधांच्या मधली. ओलिक, लिनोलिक आणि लिनोलेनिक ही तेलातली मेदाम्लं. ओलिक आम्लाचा वेग १ धरला तर लिनोलिकचा ४१ आणि लिनोलेनिकचा ९८, असा आकडा या क्षेत्रात सर्रास वापरतात. सरकीच्या तेलात निम्म्याहून अधिक लिनोलिक असतं. खानदेशात सरकी मुबलक, म्हणून तिचं बायोडिझेल स्वस्त पडेल, पण मुळातच ते कमी टिकाऊ. करंजाच्या तेलात ओलिक जास्त, ते बरं. पामतेल उन्हाळ्यात सगळ्यात भक्कम, पण डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली गेला की त्यात मेणासारखा गढूळपणा येतो. वापरलेल्या तळणीच्या तेलाचं बायोडिझेल म्हणजे मिसळच; कढईत ते आधीच तापून-तापून अर्धं खवट झालेलं असतं. विकणाऱ्याला ‘कच्चा माल कोणता?’ हे विचारा, आणि उत्तर ‘मिक्स’ आलं तर तपासणीचं अंतर निम्मं करा.

माल ताब्यात घेतानाच घनता बघा. ०.८०० ते ०.९०० चा हायड्रोमीटर, २५० मिलीचं काचेचं सिलिंडर आणि थर्मामीटर एवढंच लागतं. बी-१०० ची घनता १५ अंशांवर ०.८६० ते ०.९०० हवी. तापमान १ अंश वाढलं की घनता साधारण ०.०००७ ने उतरते. म्हणजे १५ अंशांवर ०.८७८ असलेलं बायोडिझेल ४० अंशांवर ०.८६० च्या जवळ दिसेल. दुरुस्ती करूनही ०.८३ च्या खाली आलं तर ते बायोडिझेल नाहीच. ‘बायोडिझेल’च्या नावाखाली खनिज तेल विकणारे पुष्कळ आहेत. असं इंधन टिकेलही कदाचित, पण पंपाचं काय करेल ते सांगता येत नाही.

मिसळताना नेहमी होणारी चूक म्हणजे टिपाडात आधी बायोडिझेल ओतून वरून डिझेल घालणं. बायोडिझेल जड, ते तळाशी बसून राहतं. आधी डिझेल, मग वरून बायोडिझेल, आणि मग हातपंपाने किंवा छोट्या ट्रान्सफर पंपाने तळातून ओढून वर सोडत अर्धा तास फिरवा. नंतर वरून, मधून आणि तळातून नमुना काढा. काचेची लांब नळी वरचं तोंड अंगठ्याने बंद करून हव्या त्या खोलीपर्यंत नेली आणि मग अंगठा उचलला की त्या थरातलं इंधन आत येतं. तिन्ही नमुन्यांच्या घनतेत ०.००६ पेक्षा जास्त फरक नको. असेल तर तुमचं ‘बी-२०’ एका ट्रॅक्टरला बी-५ आणि दुसऱ्याला बी-४० म्हणून मिळतंय.

टिपाड काठोकाठ भरू नका. २०० लिटर इंधन २० वरून ४५ अंशांवर गेलं की सुमारे ४ लिटरने फुगतं. ८ ते १० लिटर जागा ठेवा. पण अर्धं रिकामं टिपाडही नको, कारण वरची हवा म्हणजे ऑक्सिजनच, आणि रात्री तीच हवा दव घेऊन येते.

आता मुख्य भाग: चार बाटल्यांची चाचणी. खर्च नगण्य आहे, आणि इंधन बिघडलं की नाही एवढंच न सांगता ते कशामुळे बिघडलं हेही ती सांगते. ५०० मिलीच्या स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटल्या घ्या आणि टिपाड भरतानाच प्रत्येकीत ४०० मिली मिश्रण घाला. पहिलीत फक्त इंधन. दुसरीत बोटभर लांब, पॉलिशकागदाने घासलेली तांब्याची तार. तिसरीत अर्धा मिली पाणी. चौथीत टिपाडाच्या किंवा ट्रॅक्टरच्या टाकीच्या तळातला जुना गाळमिश्रित साठा २० मिली. झाकणं सैल ठेवा किंवा त्यांना बारीक भोक पाडा, म्हणजे हवा खेळेल. घट्ट बाटलीतला ऑक्सिजन संपला की चाचणीही थांबते. बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून टिपाडाशेजारीच ठेवा, घरात नको. जे ऊन टिपाड सोसतं तेच बाटलीने सोसायला हवं.

दर १५ दिवसांनी रंग, वास, तळ आणि आम्लता बघा. पहिली बाटली ठीक आणि टिपाड बिघडलं, तर दोष टिपाडाचा. दुसरी झपाट्याने गडद झाली तर इंधन तांब्याला घाबरतं. मग टिपाडाची पितळी तोटी, जुन्या इंजिनाची तांब्याची नळी, जस्ताचा मुलामा दिलेला डबा ही सगळी काढायला हवीत. तांबं, पितळ, जस्त, शिसं आणि कथील हे खवट होण्याला चालना देणारे धातू, त्यात तांबं सगळ्यात वाईट. साधं पोलाद, ॲल्युमिनियम आणि जाड एचडीपीई प्लास्टिक चालतं. तिसरीत पाणी आणि इंधन यांच्या मधे शेवाळासारखा पडदा आला तर जंतू. चौथी सगळ्यांच्या आधी गेली, तर नवीन माल जुन्यात ओतण्याची सवय सोडा. विरजणासारखं आहे ते, थोडं जुनं सगळ्या नव्याला लावतं. चारही एकदम गेल्या तर मालच कच्चा, विकणाऱ्याशी बोलायला तुमच्या हातात पुरावा आहे.

आम्लता मोजायला बारावीच्या प्रयोगशाळेइतकं साहित्य लागतं. ५० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, फिनॉल्फ्थॅलीनचे ४-५ थेंब टाका आणि पातळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अगदी फिकट गुलाबी होईपर्यंत आधी ते अल्कोहोलच उदासीन करा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग अल्कोहोलचीच आम्लता इंधनाच्या नावावर जाते. नंतर त्यात २० ग्रॅम मिश्रण (सुमारे २४ मिली) घालून हलवत राहा आणि ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडा. त्यासाठी १ मिलीची बिनसुईची इन्सुलिन सिरिंज पुरते. गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की थांबा. लागलेले मिली गुणिले ०.२८ म्हणजे आम्लांक (१ ग्रॅम इंधनातलं आम्ल उदासीन करायला लागणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे मिलिग्रॅम). ०.१ नॉर्मलचं तयार, प्रमाणित द्रावण घ्या. उघडी बाटली हवेतला कार्बन डायऑक्साइड खाते आणि महिन्याभरात कमजोर होते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

बी-२० ची मर्यादा अमेरिकी मानकात ०.३. तुमच्या मोजणीत ती साधारण १.०७ मिलीला येते. पण तिथवर वाट बघू नका. बी-१०० ची मर्यादा ०.५० आहे; म्हणजे कडेवरचं बायोडिझेल घेतलं तरी बी-२० मध्ये आम्लांक ०.१ च्याच आसपास असतो. तो ०.३ ला पोचला याचा अर्थ त्यातला बायोडिझेलचा भाग १.५ च्या घरात गेला. म्हणून सुरुवातीचा आकडा वहीत लिहा, आणि १५ दिवसांत तो दुप्पट झाला तर मर्यादेच्या आत असला तरी ते टिपाड आधी संपवा. दोन हप्ते आकडा हलतच नाही आणि तिसऱ्याला उडी मारतो, असंही होतं. अँटिऑक्सिडंट (खवट होणं लांबवणारं द्रव्य) असलेलं इंधन असंच वागतं: ते द्रव्य संपेपर्यंत गप्प, मग एकदम.

एक फसवी गोष्ट इथेच सांगतो. खवट झालेलं बी-१०० कधीकधी डोळ्यांना स्वच्छ, पारदर्शक दिसतं. त्यात तयार झालेला गोंद बायोडिझेलमध्ये विरघळून राहतो. ते डिझेलमध्ये मिसळलं की विरघळवण्याची ताकद कमी होते आणि गोंद खाली बसतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग) खाली आलं. ते काढताना डिझेलमधली काही नैसर्गिक संरक्षक द्रव्यंही जातात. त्यामुळे जुनं बी-१०० घेऊन ‘आत्ताच ताजं मिसळलंय’ असं म्हणण्यात अर्थ नाही. मिसळण्याच्या आदल्या दिवशी एका बाटलीत १ भाग बायोडिझेल आणि ४ भाग डिझेल हलवून २४ तास ठेवा. सकाळी तळाशी तपकिरी चिकट थर दिसला तर ते टिपाड मिसळायचंच नाही.

गाळणीची चाचणीही जमते. साधा गोल फिल्टर पेपर घडी घालून नरसाळ्यात बसवा, १०० मिली मिश्रण ओता आणि वेळ मोजा. आकडा एकटा निरर्थक, कारण तापमानाने पातळपणा बदलतो; त्याच दिवशी, त्याच तापमानाला पंपावरचं साधं डिझेल दुसऱ्या कागदातून सोडा आणि तुलना करा. माझा ठोकताळा असा की मिश्रणाला दुपटीहून जास्त वेळ लागला किंवा कागदावर चिकट रंग राहिला, तर ते ट्रॅक्टरमध्ये जाऊ नये. हा ठोकताळा आहे, मानक नव्हे.

तुमच्या चोक झालेल्या फिल्टरचं तर शवविच्छेदनच करा. पातं लावून कागद उलगडा. काळी-तपकिरी, कणीदार घाण असेल आणि ती बायोडिझेल सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांत आली असेल, तर इंधन अस्थिर नाही. बायोडिझेलने टाकीतला वर्षानुवर्षांचा मळ सोडवला. दोन फिल्टर बदलून ते थांबतं. लाखेसारखा चिकट थर असेल, जो डिझेलने धुतला जात नाही पण ॲसिटोनने सुटतो, तर तो ऑक्सिडेशनचा गोंद. पांढुरका मेणासारखा असेल आणि कोमट पाण्याच्या उष्णतेने वितळत असेल, तर मोनोग्लिसराइड (बायोडिझेल बनवताना अर्धवट राहिलेलं तेल) किंवा हिवाळ्यात गोठलेला भाग. बुळबुळीत आणि कुजका वास असेल तर जंतू. जूनमध्ये, तीन महिन्यांच्या साठ्यानंतर दोन-दोन दिवसांत चोक होत असेल तर माझा संशय दुसऱ्यावर, म्हणजे गोंदावर. पण ॲसिटोन लावून बघितल्याशिवाय पक्कं म्हणू नका.

पाण्याचं प्रकरण पावसाळ्यात वाढतं. बायोडिझेल डिझेलच्या कितीतरी पट पाणी विरघळवून धरतं. दिवसा उष्णतेत धरलेलं रात्री थंड झालं की थेंब होऊन तळाशी येतं. म्हणून टिपाड किंचित तिरपं, तोटी तळापासून चार बोटं वर, आणि दर आठवड्याला तळातला अर्धा लिटर काढून काचेत बघायचा. इंधनाचे थेंब तापल्या तव्यावर टाकून पाणी तडतडतं का बघण्याची पद्धत काही जण वापरतात. टिपाडाजवळ ती करू नका. आपल्याकडे डिझेलच्या फ्लॅश पॉइंटची (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेट घेते त्याची) किमान मर्यादा ३५ अंश आहे, म्हणजे मे महिन्याच्या दुपारी टिपाडाच्या तोंडाशी पेट घेणारी वाफ असू शकते.

अँटिऑक्सिडंटने टिकाऊपणा नक्की वाढतो. टीबीएचक्यू, पायरोगॅलॉल, प्रोपिल गॅलेट ही परिणामकारक. बीएचटी स्वस्त, पण त्यामानाने दुबळं. ५०० पीपीएमचा डोस म्हणजे २०० लिटर बी-१०० ला (सुमारे १७६ किलो) ८८ ग्रॅम. ते ताज्या बायोडिझेलमध्ये, मिसळण्याआधी घालायचं. थेट डिझेलमध्ये टाकलं तर बरंचसं विरघळतच नाही आणि पावडर तळाशी बसते. आधी थोड्या कोमट बायोडिझेलमध्ये पूर्ण विरघळवून मग टिपाडात ओता. आणि खवट झालेल्या इंधनात हे घालणं म्हणजे नासलेल्या दुधात बर्फ टाकणं.

कोणत्या इंजिनाला काय द्यायचं, यातही फरक करा. ट्रॅक्टर रोज चालत असेल तर टाकी दोन दिवसांत रिकामी होते, तिथे बी-२० ची काळजी कमी. बिघाड उभ्या यंत्रांत होतो: मळणीयंत्राचं इंजिन, लोडशेडिंगपुरता लागणारा जनरेटर, हंगामाबाहेरचा हार्वेस्टर. महिनाभर उभं राहणार असेल तर बी-२० संपवून टाकी साध्या डिझेलने भरा आणि २०-३० मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे पंप आणि नोझलमध्येही साधं डिझेल पोचेल. पंपावरच्या डिझेलमध्येही ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मानकाला मान्य आहे, हे लक्षात असू द्या. तुमचं २० टक्के प्रत्यक्षात थोडं वर जाऊ शकतं.

५० एचपीवरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धूर-प्रदूषणाचं मानक लागू झालं. त्यातल्या कॉमन रेल (खूप दाबाने इंधन फवारणाऱ्या) इंजिनांत इंजेक्टरच्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या आणि परतीचं इंधन तापून पुन्हा टाकीत येतं. म्हणजे टाकीच एक छोटी रॅन्सिमॅट होते. अशा यंत्रात बी-२० घालण्याआधी कंपनीच्या पुस्तिकेत किती टक्के चालतं ते वाचा; वॉरंटी त्यावर ठरते. जुन्या यांत्रिक पंपाची इंजिनं जास्त सोसतात, पण त्यांच्या नायट्राइल रबराच्या नळ्या आणि वायसर फुगतात. तिथे व्हायटन या इंधन सोसणाऱ्या रबराचे लावा.

साठवण निंबाच्या सावलीत किंवा उत्तरेकडच्या भिंतीला, जमिनीपासून उचलून, पांढरा चुना दिलेल्या टिपाडात. धाब्याच्या खोलीत गारवा असतो, पण राहत्या घरात इंधन नको. परवान्याशिवाय एका जागी डिझेल २,५०० लिटरपर्यंतच आणि एकही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नको. खरेदीचं वेळापत्रक बदला: मार्चमध्ये तीन महिन्यांचं भरण्याऐवजी मेच्या शेवटी तीन आठवड्यांपुरतं.

लॅबला पाठवायचं तर १ लिटर गडद काचेच्या बाटलीत, काठोकाठ भरून, त्याच दिवशी. लॅबला एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असली तरी त्या मान्यतेच्या यादीत ही विशिष्ट चाचणी आहे का ते विचारा. बी-१०० साठी इंडक्शन पीरियड, आम्लांक, पाणी (मर्यादा ५०० पीपीएम) आणि एकूण घाण (२४ पीपीएम) एवढं मागा. मिश्रणासाठी इंडक्शन पीरियड आणि आम्लांक पुरेसे आहेत. एकदा घेताना आणि एकदा सहा आठवड्यांनी. दोन आकड्यांमधली घसरण हीच खरी माहिती: इंडक्शन पीरियड ११ तासांचे ९ झाले तर निवांत, ११ चे ५ झाले तर पंधरा दिवसांत संपवा.

आत्ता शेडमध्ये उरलेलं मिश्रण साध्या डिझेलमध्ये आणखी पातळ करून खपवायचा मोह होईल. पातळ केल्याने गोंद कमी होत नाही, उलट जो अजून विरघळलेला आहे तोही खाली बसतो. आधी एका बाटलीत १ ला ४ करून २४ तास ठेवा. स्वच्छ राहिलं तर रोज चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये, जादा फिल्टर हाताशी ठेवून, आठवडाभरात संपवा. थर बसला तर ते अधिकृत टाकाऊ तेल घेणाऱ्याकडे द्या, आणि टिपाड पुन्हा भरण्याआधी आतून कोरड्या फडक्याने पुसून दोन दिवस उन्हात उघडं ठेवा.